गृह-व्हिडिओ गेम यंत्रांवरील संगीतरचना आणि साउंड ड्रायव्हर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

व्हिडिओ गेमच्या संगीताचा इतिहास लिहिताना आजवर प्रामुख्याने दोन घटकांचा विचार झालेला दिसतो. एक म्हणजे यंत्रातील ध्वनी निर्माण करणारी चिप आणि दुसरा म्हणजे संगीतकार. चिपची कुवत तोकडी होती आणि त्या तोकडेपणानेच कलावंताच्या कल्पकतेला धार आणली, असे एक सूत्र या लेखनात वारंवार मांडले जाते. हे सूत्र ऐकायला गोड आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीवर ते पुरते उतरत नाही. मर्यादा हेच खरे कारण असते, तर एकाच यंत्रासाठी एकाच सुमारास निघालेल्या दोन गेम्सचे संगीत परस्परांहून इतके वेगळे का ऐकू येते, याचा उलगडा त्यातून व्हायला हवा होता. तो होत नाही, कारण चिप आणि संगीतकार यांच्या मधोमध असलेला तिसरा घटक या मांडणीतून सुटतो. तो घटक म्हणजे साउंड ड्रायव्हर. संगीतकाराने लिहिलेली स्वरांची माहिती वाचून चिपला क्षणाक्षणाला आज्ञा देणारा हा लहानसा प्रोग्राम. १९८३ ते १९९५ या काळात वाद्याची भूमिका प्रत्यक्षात या प्रोग्रामने बजावली आणि त्याचे कर्ते बहुतांशी अनामिक राहिले, या दृष्टीने प्रस्तुत निबंधात या विषयाची मांडणी केली आहे. कमोडोर ६४ हा गेम कन्सोल नसून घरगुती संगणक असला, तरी ड्रायव्हरलेखनाची परंपरा त्यावर ठळकपणे आकाराला आली. म्हणून पूर्वपीठिका म्हणून त्याचाही विचार येथे केला आहे.

ड्रायव्हरचे कार्य

दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्र अमेरिका व जपानमधील पद्धतीत सेकंदाला सुमारे ६० वेळा, तर युरोपातील पाल पद्धतीत ५० वेळा नव्याने रेखाटले जात असे. प्रत्येक चित्राच्या शेवटी यंत्राला जी क्षणभर उसंत मिळे, तिच्यात ड्रायव्हरला आपले काम उरकावे लागे. पुढचा स्वर आला आहे काय, आलेला असल्यास त्याची वारंवारता कोणती, आवाज किती चढवायचा वा उतरवायचा, स्वराला कंप द्यायचा काय, हे सारे ठरवून तो चिपच्या नोंदकांत आकडे लिहीत असे आणि नियंत्रण पुन्हा गेमच्या हाती सोपवत असे. चिपला ‘स्वर’ म्हणजे काय हे ठाऊक नसते. तिला केवळ आकडा समजतो. उदाहरणार्थ, निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रातील चौकोनी तरंगाच्या वाहिनीवर ४४० हर्ट्झचा सूर हवा असेल, तर तिला २५३ हा आकडा द्यावा लागतो. कोणत्या स्वराला कोणता आकडा, याचे कोष्टक ड्रायव्हरमध्ये असते.

येथे भारतीय संगीताच्या अभ्यासकाला एक जवळचे साम्य आढळेल. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीत स्वराक्षरे, सप्तक दर्शवणारे बिंदू आणि तालाच्या खुणा असतात. मींड कशी घ्यायची, स्वर किती आंदोलित करायचा, याचा मोठा भाग गाणाऱ्याच्या गळ्यावर आणि तालमीवर सोपवलेला असतो. जपानी संगीतकार ज्या ‘एमएमएल’ या मजकुरी लिपीत रचना करत, तिच्यातही स्वरासाठी अक्षर, लांबीसाठी अंक आणि सप्तकासाठी खूण असे. उरलेली गायकी ड्रायव्हरमध्ये होती. त्यामुळे तीच अक्षरे दुसऱ्या ड्रायव्हरला दिली, तर चीज तीच राहून घराणे बदलल्यासारखे होई. अर्थात ही तुलना फार ताणता येणार नाही. गवई मैफिलीत नवे काही सुचून गाऊ शकतो, ड्रायव्हरला ती मुभा नाही.

कमोडोर ६४ : संगीतकार हाच प्रोग्रामर

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कमोडोर ६४ मधील ‘सिड’ ही चिप रॉबर्ट यानेस यांनी अभिकल्पित केली होती. तिच्यात केवळ तीन आवाज होते. मात्र प्रत्येकासाठी वेगवेगळे तरंगाकार, आवाजाच्या चढउताराचे नियंत्रण आणि एक गाळणीही होती. ब्रिटनमधील रॉब हबर्ड हे मुळात व्यावसायिक वादक. त्यांनी ६५०२ प्रोसेसरची असेंब्ली भाषा आत्मसात करून स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. ‘मॉन्टी ऑन द रन’ (१९८५) या गेममधील त्यांचा ड्रायव्हर सुमारे एक किलोबाइट एवढाच होता. तीन आवाजांत जीवासंगतीचा भास निर्माण करण्यासाठी एकाच आवाजावर दोन-तीन स्वर सेकंदाला ५० वेळा या गतीने आलटून पालटून वाजवण्याची युक्ती या काळात रूढ झाली. कानाला ते स्वर एकत्र वाजल्यासारखे, पण किंचित थरथरते ऐकू येतात. आज ‘जुन्या गेमचा आवाज’ म्हणून जो ओळखला जातो, तो बऱ्याच अंशी या थरथरीचा आवाज आहे. ती थरथर चिपमध्ये नव्हती, प्रोग्राममध्ये होती.

हबर्ड यांचे साधन हबर्ड यांच्यापुरतेच होते. १९८६ मध्ये जर्मनीच्या ख्रिस ह्युल्सबेक यांनी ‘साउंडमॉनिटर’ हा प्रोग्राम एका संगणक-मासिकात छापील स्वरूपात प्रसिद्ध केला. वाचकांनी तो पानावरून पाहून आपल्या यंत्रावर स्वतः टंकायचा होता. ड्रायव्हर आणि त्यासाठी स्वर लिहिण्याची सोय अशा दोन्ही गोष्टी त्यामुळे सामान्य हौशी माणसाच्या हाती आल्या. खाजगी हत्यार आणि सर्वांसाठीचे साधन यांतील हा ताण पुढे कन्सोलच्या इतिहासातही कायम राहिला.

फॅमिकॉम : एकच चिप, अनेक वाद्ये

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या फॅमिकॉममध्ये पाच वाहिन्या होत्या : दोन चौकोनी तरंगाच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक खरखराटाची आणि एक अत्यल्प दर्जाचे ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारी. त्रिकोणी वाहिनीचा आवाज कमीजास्त करण्याची सोयच नव्हती. कोजी कोंदो निन्टेंडोमध्ये आल्यावर त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे ‘फॅमिली बेसिक’ या उपकरणावर लोकप्रिय जपानी गीते कशी टंकावीत, याची पुस्तिका लिहिणे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा संपूर्ण गेम ४० किलोबाइटांचा. त्यात चित्रे, नियम, संगीत आणि ड्रायव्हर असे सर्व काही बसवलेले होते. खेळाडूने उडी मारली की तिच्या आवाजासाठी सुरावटीची एक वाहिनी क्षणभर काढून घेतली जाते आणि आवाज संपताच ती परत केली जाते. ही देवघेव ड्रायव्हर सांभाळतो. ती इतकी सफाईने होते की बहुतेकांच्या ती लक्षातही येत नाही.

याच पाच वाहिन्यांवर पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. सनसॉफ्ट या कंपनीच्या ‘जर्नी टू सायलियस’ (१९९०) मध्ये नाओकी कोदाका यांच्या रचना आहेत. या गेममध्ये नमुने वाजवणारी पाचवी वाहिनी ढोलाऐवजी खर्जातील गिटारसाठी राबवली आहे. त्या वाहिनीला वाजवण्याचे केवळ १६ वेग उपलब्ध होते आणि ते स्वरसप्तकाशी जुळणारे नव्हते. म्हणून वेगवेगळ्या उंचीचे नमुने साठवून योग्य क्षणी योग्य नमुना निवडण्याची व्यवस्था करावी लागली. त्याच वर्षीच्या ‘सिल्व्हर सर्फर’ मध्ये टिम व जेफ फॉलिन या बंधूंनी चौकोनी तरंगांवरच विलक्षण गतीच्या स्वरमालिका रचल्या. दोन्ही गेम्सची चिप एकच. ऐकणाऱ्याला मात्र ती दोन निराळी यंत्रे वाटावीत.

कोनामी कंपनीने वेगळा मार्ग पत्करला. ‘आकुमाजो देन्सेत्सु’ (१९८९) च्या जपानी कार्ट्रिजमध्येच तीन जादा आवाज देणारी चिप बसवली होती. अमेरिकेतील यंत्राच्या कार्ट्रिज-जोडणीत बाहेरचा ध्वनी आत घेणारी तार नसल्यामुळे ‘कॅसलव्हेनिया ३’ या नावाने १९९० मध्ये तिथे गेलेल्या आवृत्तीत तेच संगीत पाच वाहिन्यांत बसवावे लागले. एकाच कृतीची ही दोन रूपे अभ्यासकांना पाठभेदासारखी उपयोगी पडतात.

पाल पद्धतीच्या देशांत आणखी एक अडचण होती. युरोपातील यंत्राचे घड्याळ मंद असल्यामुळे तोच २५३ हा आकडा तेथे सुमारे ४०९ हर्ट्झचा सूर देतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी सहा वाजवली असता काळी चारच्याही खालचा सूर ऐकू यावा, तसे ते होई. शिवाय ६० ऐवजी ५० वेळाच हाक येत असल्याने लयही सहाव्या हिश्शाने उतरे. यासाठी ड्रायव्हरमध्ये वेगळे कोष्टक आणि लयीची दुरुस्ती करणे आवश्यक होते. काही कंपन्यांनी ते केले, अनेकांनी केले नाही. युरोपातील एका पिढीच्या स्मरणात या गेम्सचे संगीत त्यामुळे मूळ रचनेहून संथ आणि खालच्या पट्टीतले आहे.

भारतातही दूरचित्रवाणीची पद्धत पालच होती. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे विकली गेली, ती प्रायः फॅमिकॉमच्या नकला होत्या. अशा नकली यंत्रांतील काही चिपमध्ये चौकोनी तरंगाच्या रुंदीचे दोन पर्याय परस्परांत बदललेले असत. परिणामी मूळ यंत्रावर पातळ, अनुनासिक वाजणारा सूर तेथे भरीव वाजे आणि भरीव सूर पातळ. स्वर तेच, लिहिलेले आकडेही तेच. पण ड्रायव्हर ज्या चिपला गृहीत धरून लिहिला गेला ती चिपच समोर नव्हती. अशा यंत्रावर वाढलेल्या श्रोत्याला मूळ संगीत प्रथम ऐकताना चुकल्यासारखे वाटले, तर त्यात त्याच्या कानाचा दोष नाही.

मेगा ड्राइव्ह : सोय आणि स्वत्व

या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हचे आहे. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी जपानमध्ये आलेल्या या यंत्रात मोटोरोला ६८००० हा मुख्य प्रोसेसर, प्रामुख्याने ध्वनीसाठी झेड-८० हा दुसरा प्रोसेसर व त्याची ८ किलोबाइटांची मेमरी, यामाहाची वायएम२६१२ ही सहा वाहिन्यांची एफएम चिप आणि जोडीला चार वाहिन्यांची एक जुन्या वळणाची चिप अशी मांडणी होती. एफएम पद्धतीचा शोध स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये लावला. त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि यामाहाने ते तंत्र परवान्याने घेतले. या पद्धतीत एक तरंग दुसऱ्या तरंगाची वारंवारता हलवतो आणि त्यातून नवा नाद निर्माण होतो. प्रत्येक नादासाठी डझनावारी आकडे जुळवावे लागतात. एखादा आकडा किंचित हलला तरी घंटेचा पत्रा होतो.

अमेरिकेतील संगीतकारांना हे आकडे जुळवण्याची सवय नव्हती. सेगाच्या अमेरिकी शाखेसाठी तयार झालेल्या ‘जेम्स’ या ड्रायव्हरने ती अडचण दूर केली. संगीतकाराने नेहमीच्या मिडी कीबोर्डवर वाजवावे, संगणकावर ते जुळवावे आणि यंत्रातून लगेच ऐकावे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यासोबत तयार नादांचा संचही मिळे. घाईत काम करणाऱ्यांनी तोच संच जसाच्या तसा वापरला आणि अनेक गेम्सचे संगीत एकाच साच्यातून काढल्यासारखे झाले. या यंत्राचा आवाज ‘पत्र्याचा’ असल्याची जी तक्रार आजही ऐकू येते, तिचे मूळ बरेचसे येथे आहे. तथापि सारा दोष साधनाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. हॉवर्ड ड्रॉसिन यांनी ‘कॉमिक्स झोन’ (१९९५) चे संगीत याच ड्रायव्हरवर केले आणि ते या यंत्रावरील उत्तम कामांत गणले जाते. ज्याने तयार नाद बाजूला सारून स्वतःचे नाद घडवले, त्याला या साधनाने अडवले नाही.

दुसऱ्या टोकाला युझो कोशिरो उभे आहेत. १९६७ मध्ये जन्मलेल्या कोशिरो यांनी पीसी-८८०१ या जपानी संगणकावर एफएम संगीताची साधना केली होती आणि तेथील बेसिक भाषेच्या धर्तीवरील एमएमएल आपल्या सोयीने बदलत बदलत ‘म्युझिक लव्ह’ ही स्वतःची भाषा बनवली. ‘बेअर नकल’, अर्थात ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ (१९९१) आणि तिचे पुढील दोन भाग (१९९२ व १९९४) या भाषेत लिहिले गेले. नृत्यगृहांत त्या काळी वाजणाऱ्या हाउस आणि टेक्नो संगीताचा ठोका त्यांना हवा होता. तो उमटवण्यासाठी स्वर, नाद आणि काल यांच्यावर आकड्यांच्या पातळीवरील ताबा आवश्यक होता. सहाव्या एफएम वाहिनीऐवजी ध्वनिमुद्रित ढोलाचे नमुने वाजवता येत; मात्र चित्रांची माहिती हलवली जात असताना झेड-८० ला कार्ट्रिजपर्यंत पोहोचता येत नसे आणि ढोल फाटल्यासारखा वाजे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे कसब अशा ठिकाणी कसाला लागे. तिसऱ्या भागात तर कोशिरो यांनी स्वरांच्या मालिका यंत्राकडूनच यदृच्छेने निर्माण करवून घेण्याचा प्रयोग केला. तो सर्वांना रुचला नाही. आजही त्याविषयी दोन मते आहेत.

‘जेम्स’ने प्रोग्रामिंग न येणाऱ्या वादकाला दार उघडून दिले. कोशिरो यांच्या पद्धतीने ते दार फक्त प्रोग्रामिंग जाणणाऱ्यासाठी उघडे ठेवले, पण आत गेलेल्याला यंत्राचा तळ गाठू दिला. या दोहोंपैकी कोणती वाट श्रेष्ठ, हा वाद संगीताइतकाच श्रमविभागणीचा आहे. ऐकीव परिणाम पाहता झुकते माप दुसऱ्या वाटेकडे जाते, हे मान्य करावे लागेल.

सुपर फॅमिकॉम : मेमरीचा संसार

२१ नोव्हेंबर १९९० रोजी आलेल्या सुपर फॅमिकॉमचा ध्वनिविभाग सोनी कंपनीचे केन कुतारागी यांनी अभिकल्पित केला होता. त्याला स्वतःचा प्रोसेसर व ६४ किलोबाइटांची मेमरी होती आणि आठ आवाजांवर ध्वनिमुद्रित नमुने वाजत. यंत्र सुरू होताना या विभागात ड्रायव्हर नसतो; तो कार्ट्रिजमधून आत पाठवावा लागतो. ड्रायव्हर, स्वर, नमुने आणि प्रतिध्वनी या सर्वांनी त्याच ६४ किलोबाइटांत संसार करायचा. प्रतिध्वनी १६ मिलिसेकंदांनी वाढवला की दोन किलोबाइट खर्ची पडत. निन्टेंडोने पुरवलेला ड्रायव्हर अनेकांनी वापरला, तर स्क्वेअरसारख्या कंपन्यांनी स्वतःचे लिहिले. ‘डॉन्की काँग कंट्री’ (१९९४) साठी डेव्हिड वाइज यांनी हेक्साडेसिमल आकडे टंकून रचना केल्या. ‘टेल्स ऑफ फँटेशिया’ (१९९५) मध्ये तर आरंभी चक्क गायिकेचे गीत ऐकू येते. ४८ मेगाबिटांच्या कार्ट्रिजमधून ध्वनी सतत आत सरकवत ठेवणारा ड्रायव्हर त्यासाठी वापरला गेला. ६४ किलोबाइटांची भिंत पाडली गेली ती प्रोग्रामने, चिप जिथल्या तिथेच होती.

श्रेय आणि जतन

१९९४ च्या अखेरीस सॅटर्न व प्लेस्टेशन ही सीडीवर चालणारी यंत्रे आली. तयार ध्वनिमुद्रण वाजवता येऊ लागल्यावर अशा ड्रायव्हरची निकड ओसरली. मागे राहिला तो श्रेयाचा प्रश्न. जपानी कंपन्या प्रतिस्पर्ध्यांनी माणसे पळवू नयेत म्हणून संगीतकारांची नावे टोपणनावांआड ठेवत. कोनामीचा चमू ‘कुकेइहा क्लब’ या सामूहिक नावाने ओळखला जाई. ‘द रिव्हेंज ऑफ शिनोबी’ (१९८९) च्या शीर्षक-पडद्यावर कोशिरो यांचे नाव झळकले, ही त्या काळी अपवादात्मक गोष्ट होती. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ‘फायनल फँटसी’चे संगीतकार नोबुओ उएमात्सु जगभर परिचित आहेत, त्यांच्या रचना सुपर फॅमिकॉममध्ये वाजत्या करणारे ध्वनि-प्रोग्रामर मिनोरु आकाओ हे नाव जाणकारांपुरतेच राहिले.

जतनाच्या बाबतीत हौशी मंडळींनी अभ्यासकांच्या आधी काम केले. त्यांच्या दोन पद्धती आहेत. ‘एनएसएफ’ व ‘एसपीसी’ या प्रकारच्या फायलींत स्वरांबरोबर मूळ ड्रायव्हरचा यंत्रभाषेतील प्रोग्रामही साठवलेला असतो. संगीत वाजवणे म्हणजे तो प्रोग्राम पुन्हा चालवणे. ‘व्हीजीएम’ प्रकारात मात्र चिपला कोणता आकडा कोणत्या क्षणी मिळाला, एवढीच नोंद असते. पहिल्या प्रकारात वाद्य आणि संहिता दोन्ही उरतात. दुसऱ्यात वादकाच्या बोटांच्या हालचाली उरतात, वादक उरत नाही. इतिहासाच्या साधनांची प्रत ठरवताना हा भेद विसरून चालणार नाही. तरीही अनेक संग्रहांत दोन्ही प्रकार सरसकट ‘मूळ संगीत’ म्हणून एकाच खान्यात ठेवलेले आढळतात.

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या संगीताचा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत समावेश केला. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान प्रथमच मिळाला. सूचीत नाव कोंदो यांचे आहे आणि ते योग्यच आहे. मात्र १९८५ मध्ये कार्ट्रिजमध्ये ध्वनिमुद्रण असे काही नव्हतेच. होते ते आकडे आणि ते वाचणारा प्रोग्राम.

दरम्यान ड्रायव्हर लिहिण्याची परंपरा हौशी लोकांनी पुन्हा हाती घेतली. जर्मनीतील ऑलिव्हर विटखोव यांचे ‘नॅनोलूप’ (१९९८) आणि स्वीडनमधील योहान कोटलिन्स्की यांचे ‘लिटल साउंड डीजे’ (२०००) या कार्ट्रिजांनी निन्टेंडोच्या गेम बॉयला थेट वाद्य बनवले. फॅमिकॉमसाठी २००५ मध्ये ‘फॅमिट्रॅकर’ आले. कोशिरो यांनी पीसी-८८०१ साठी लिहिलेला ‘म्यूकॉम-८८’ हा ड्रायव्हर त्यांच्या संमतीने २०१८ मध्ये सर्वांसाठी खुला करण्यात आला, आणि ज्या आकड्यांनी ते संगीत वाजत असे ते कोणालाही ओळीओळीने वाचता येऊ लागले. हबर्ड यांच्या ड्रायव्हरचे असे वाचन १९९३ मध्ये एका नियतकालिकात झाले होते, पण ते परक्याने यंत्रभाषा उलगडून, एकेका बाइटाचा अर्थ लावून करावे लागले होते. त्या काळातील बहुतेक ड्रायव्हर आजही याच दुसऱ्या मार्गाने वाचावे लागतात.